गुडघ्याचा टीबी: ए१८.०२ की ए१८.०९? आणि मनगटाचं काय करायचं?

नवी_कोडर
नमस्कार मंडळी. मी आयसीडी-१०-सीएम वर (आजारांना कोड द्यायची अमेरिकन पद्धत) इन्पेशंट चार्ट करते, म्हणजे दाखल पेशंटच्या कागदांवरून निदानाचे कोड लावते, आत्ता आत्ता ऑर्थोची बॅच हातात आलीये आणि पहिल्याच आठवड्यात टीबीने डोकं फिरवलंय. दोन चार्ट आहेत, पेशंटची कुठलीच माहिती देत नाहीये, फक्त निदानापुरतं लिहिते.

पहिला चार्ट: डिस्चार्ज समरीत अंतिम निदान एवढंच की ‘कॉक्स राइट नी’, म्हणजे उजव्या गुडघ्याचा टीबी. दुर्बिणीतून सायनोव्हियमची (सांध्याचं आतलं अस्तर) बायोप्सी घेतलीये, पॅथॉलॉजी रिपोर्टमध्ये केसिएटिंग ग्रॅन्युलोमॅटस सायनोव्हायटिस (अस्तराला सूज आणि त्यात टीबीत दिसतात तशा बारीक गाठी, ग्रॅन्युलोमा), एमआरआयमध्ये सायनोव्हियम जाड, हाड खाल्लेलं नाही, टीबीची औषधं सुरू करून घरी सोडलंय. एन्कोडरमध्ये (कोड शोधायचं सॉफ्टवेअर) ए१८.०, म्हणजे हाडासांध्याचा टीबी, टाकलं तर घेतच नाही, पुढचा आकडा मागतो. टीममध्ये अर्धे म्हणतायत गुडघा आहे म्हणजे ०२ (सांधे), अर्धे म्हणतायत रिपोर्टमध्ये सायनोव्हायटिस आहे आणि सायनोव्हायटिस तर ०९ (इतर) च्या खाली छापलंय, मग ०९. आमच्या लीडचं म्हणणं, जिथे शंका तिथे ०९, ‘अदर’ त्यासाठीच असतं.

दुसरा चार्ट: अंतिम निदान ‘टीबी रिस्ट’. पण ऑपरेशन नोट वाचली तर सांध्यात हातच घातलेला नाही, फ्लेक्सर टेंडन्सच्या (बोटं वाकवणाऱ्या दोऱ्या) भोवतीचं जाड झालेलं आवरण काढलंय आणि आतून राइस बॉडीज निघाल्या असं लिहिलंय. आता हे मनगट म्हणायचं की टेंडन? कल्चर अजून यायचंय.

आणि हो, मसल्सचा टीबी असा वेगळा कोड असतो का? इंडेक्समध्ये सापडला, पण प्रत्यक्षात कुणी टाकलाय का कधी?

जुनं_खोड
स्वागत आहे ऑर्थोत. आधी लीडचं बोलून घेतो, कारण हे मी जागोजागी ऐकतो. ‘अदर’ म्हणजे ‘कळलं नाही’ नव्हे हो. अदर म्हणजे डॉक्टरांनी नेमकं काहीतरी लिहिलंय पण त्याला स्वतःचा स्वतंत्र कोड नाही. कळलं नाही त्याला अनस्पेसिफाइड म्हणतात आणि गंमत अशी की ए१८.० मध्ये अनस्पेसिफाइडचं घरच नाही. ०१ मणका, ०२ बाकीचे सांधे, ०३ बाकीची हाडं, ०९ इतर मस्क्युलोस्केलेटल, संपलं. आयसीडी-९ मध्ये होतं, ०१५.९, आणि लोक तिथे डोळे मिटून टाकायचे, ती सवय ३० सप्टेंबर २०१५ ला जुनी सिस्टीम बंद झाली तरी गेली नाही, आता ०९ वर निघते एवढंच.

आयसीडी-९ मध्ये आणखी एक मजा होती. पाचवा आकडा निदान कशावरून झालं ते सांगायचा, जंतू मायक्रोस्कोपखाली दिसले, की कल्चरमध्ये वाढले, की फक्त टिश्यूवरून ठरवलं. आणि ६ नंबर होता ‘इतर पद्धतीने सिद्ध’, त्याचं उदाहरण काय दिलेलं, तर जनावराला टोचून बघणं! इतक्या वर्षांत तो ६ मला एकदाही टाकायला मिळाला नाही. आता हाडासांध्याच्या टीबीत ते सगळं गेलं, निदान कसं झालं हे कोडमधून कळतच नाही. बाकी उत्तर ऑडिटवाल्या ताई देतील, त्यांच्यासमोर मी काय बोलणार.

ऑडिट_ताई
बोललात की सगळं, आणि म्हणे काय बोलणार.

नवी_कोडर, पहिला चार्ट सोपा आहे गं, तुमच्या टीमने उगाच अवघड करून ठेवलाय. टॅब्युलरमध्ये (कोडच्या क्रमाने लावलेली यादी) उडी मारू नकोस, आधी इंडेक्स (नावावरून शोधायची यादी). ‘कॉक्स’ काढ, ते तुला ट्यूबरक्युलोसिसकडे पाठवतं, तिथे ‘नी’ बघ, ए१८.०२. डॉक्टरांनी गुडघ्याचा क्षय म्हटलंय, इंडेक्सने गुडघ्याला ०२ दिलंय, विषय संपला.

आता सायनोव्हायटिसचं. दोन गोष्टी. पहिली, ते पॅथॉलॉजी रिपोर्टमध्ये आहे, उपचार करणाऱ्या डॉक्टरांच्या लिखाणात नाही. इन्पेशंटमध्ये नुसत्या पॅथॉलॉजी रिपोर्टवरून किंवा एमआरआयवरून कोड उचलता येत नाही, अटेंडिंगने ते आपल्या नोटमध्ये घ्यावं लागतं. दुसरी, समजा डॉक्टरांनी ‘ट्यूबरक्युलस सायनोव्हायटिस, राइट नी’ असं स्वतः लिहिलं असतं, तरी ०९ नसतं आलं. इंडेक्समध्ये सायनोव्हायटिसच्या खाली पोटनोंदी आहेत ना, सांध्याचा असेल तर ०२, मणक्याचा असेल तर ०१, कुठलाच नसेल तेव्हा ०९. टॅब्युलरमधलं ०९ खालचं नाव वाचून जे लोक तिथेच थांबतात ते इथे फसतात. सायनोव्हियम काही फक्त सांध्यात नसतं, टेंडनच्या आवरणात असतं, बर्सात (सांध्याजवळची पाण्याची पिशवी) असतं, ०९ त्यांच्यासाठी.

आणि डावा-उजवा शोधत बसू नकोस, ०२ ला बाजूच नाही. दोन्ही गुडघे असले तरी कोड एकदाच.

दुसऱ्या चार्टला क्वेरी, म्हणजे डॉक्टरांना लेखी विचारणा, लागेल. त्यावर रात्री सविस्तर लिहिते, आत्ता मीटिंग आहे.

हाडवैद्य
मी कोडर नाही, ऑर्थोपेडिक्स करतो, इथे वाचायला येतो कारण तुमच्या क्वेरी शेवटी माझ्याच टेबलावर पडतात 🙂 थोडं आमच्या बाजूने सांगतो म्हणजे नोट वाचताना उपयोग होईल.

टीबीचा जंतू सांध्यात बहुतेक वेळा रक्तातून येतो, दुसरीकडे कुठेतरी आधी बसलेला असतो, फुप्फुसात किंवा गाठीत. सांध्यात आला की एकतर सायनोव्हियममध्ये सुरू होतो नाहीतर शेजारच्या हाडात. तुली यांच्या वर्गवारीत पहिली पायरी सायनोव्हायटिस, दुसरी सुरुवातीचा आर्थ्रायटिस, तिसरी पुढे गेलेला आर्थ्रायटिस, मग सांधा निखळणं, आणि शेवटी सांधा आखडून बसणं. म्हणजे आमच्या दृष्टीने सायनोव्हायटिस आणि आर्थ्रायटिस हे दोन आजार नाहीतच, एकाच रस्त्यावरचे टप्पे आहेत, त्यामुळे आम्ही ‘कॉक्स नी’ लिहून मोकळे होतो. पहिल्या टप्प्यात पकडला तर औषधांवर सांधा जवळजवळ पूर्ववत होतो, तिसऱ्यात पकडला तर हालचाल पूर्ण परत येणं कठीण. आम्हाला त्या फरकाची पडलेली असते, पण तुमच्या कोडमध्ये दोन्ही ०२, हे आज ताईंमुळे कळलं.

मनगटाचं मात्र वेगळं. तुम्ही जे वर्णन केलंय ते कंपाउंड पामर गँगलियन. मनगटाच्या पुढच्या बाजूला एक पट्टा असतो, त्याच्या खालून बोटांचे टेंडन्स जातात. त्या टेंडन्सच्या आवरणात टीबी झाला की सूज पट्ट्याच्या वर आणि खाली दोन्हीकडे येते, मधे आवळल्यासारखी दिसते, तळहाताकडची सूज दाबली की पाणी वर मनगटाकडे सरकलेलं बोटाला लागतं. उघडलं की आत तांदळाच्या दाण्यासारखे पांढरे कण, त्याच राइस बॉडीज. मनगटाचा सांधा त्याच्या मागे असतो आणि पुष्कळदा पूर्ण ठणठणीत असतो. त्यामुळे ‘टीबी रिस्ट’ हे त्या डॉक्टरांनी घाईत लिहिलंय, क्वेरी पाठवा, रागावणार नाहीत. रागावले तरी पाठवा.

एक मात्र लक्षात असू द्या, राइस बॉडीज दिसल्या म्हणजे टीबीच असं नाही, ऱ्हुमॅटॉइडमध्येही निघतात. तुमच्या केसमध्ये टिश्यूत ग्रॅन्युलोमा आहे का ते बघा.

रातपाळी
ताई येईपर्यंत मी एक घुसडतो. नवी_कोडर, तू इन्पेशंट करतेस म्हणून, पण उद्या आउटपेशंटला टाकलं तर हे सगळं उलटं होतं, सावध राहा. इन्पेशंटमध्ये डिस्चार्जच्या वेळी ‘प्रोबेबल टीबी हिप’, ‘लाइकली’, ‘सस्पेक्टेड’, ‘कन्सिस्टंट विथ’ असं काही लिहिलं असेल तर टीबी आहे असं धरून कोड करतात, शॉर्ट टर्म हॉस्पिटलला. तेच ओपीडीत ‘सस्पेक्टेड टीबी नी’ असेल तर ए१८ ला हातही लावायचा नाही, लक्षण कोड करायचं, उजवा गुडघा दुखतोय तर एम२५.५६१, पाणी भरलंय तर एम२५.४६१. मी एका ऑडिटमध्ये पाहिलं की पेशंट नुसता तपासणीला आलेला, गुडघा सुजलेला, डॉक्टरने ‘रूल आउट टीबी’ लिहिलं आणि कोडरने सरळ ए१८.०२ चिकटवलेला. त्या माणसाच्या रेकॉर्डवर क्षयरोग लागला ना राव, नंतर विम्याच्या कागदांत तो काय काय निस्तरत बसेल.

आणि उलटीकडून, ओपीडीत रेडिऑलॉजिस्टचा फायनल रिपोर्ट आला असेल आणि त्याने निदान ठामपणे दिलं असेल तर तिथे ते घेता येतं, तोही डॉक्टरच आहे. इन्पेशंटमध्ये नाही. एकच रिपोर्ट, दोन नियम. यात तर्क शोधायचा नाही, पाठ करायचं.

नवी_कोडर
वा, एवढं मिळेल वाटलं नव्हतं, धन्यवाद सगळ्यांना. पहिला चार्ट ०२ करून पाठवला. दुसऱ्यात ग्रॅन्युलोमा आहे, केसिएशनसकट. क्वेरीचा मसुदा केलाय, बघाल का कुणी?

‘डॉक्टर, ऑपरेशन नोटमध्ये फ्लेक्सर टेनोसायनोव्हेक्टमी आणि राइस बॉडीज आहेत, त्यामुळे हा ट्यूबरक्युलस टेनोसायनोव्हायटिस असावा असं वाटतं. ए१८.०९ देण्यासाठी कृपया तसं नोंदवावं.’

ऑडिट_ताई
अगं नको, हे पाठवू नकोस! उत्तर तूच देतेयस आणि सही त्यांची मागतेयस. याला लीडिंग क्वेरी म्हणतात, क्लायंटकडे गेलं तर त्या चार्टपेक्षा त्या क्वेरीवरच जास्त बोलणं होईल. क्वेरीत कोडचा नंबर नको, पैशाचा उल्लेख तर कधीच नको. चार्टमध्ये काय आहे ते मांड, विचारायचं ते विचार, पर्याय दे आणि बाहेर पडायची वाट ठेव. असं काहीतरी:

‘अंतिम निदानात टीबी रिस्ट अशी नोंद आहे. ऑपरेशन नोटमध्ये फ्लेक्सर टेंडन शीथ जाड असल्याचं व राइस बॉडीज काढल्याचं नमूद आहे. पॅथॉलॉजीत केसिएटिंग ग्रॅन्युलोमा. कल्चर प्रलंबित. आपल्या वैद्यकीय मतानुसार आजाराचं स्थान व स्वरूप कृपया स्पष्ट करावं: मनगटाच्या सांध्याचा क्षय / फ्लेक्सर टेंडन शीथचा क्षय / दोन्ही / इतर, कृपया लिहावं / निश्चित सांगता येत नाही.’

बस. टेंडन शीथ म्हणाले तर ०९. सांधा म्हणाले तर ०२. दोन्ही म्हणाले तर दोन्ही टाक, एकमेकांना अडवत नाहीत ते. सांगता येत नाही म्हणाले तर जे लिहिलंय त्यावर, म्हणजे रिस्ट, इंडेक्सप्रमाणे ०२.

तुझा मसल्सचा प्रश्न राहिला. स्वतंत्र नाही, ट्यूबरक्युलस मायोसायटिस ०९ मध्येच येतो. नुसत्या स्नायूचा टीबी फार विरळा. मोठ्या स्नायूत पू दिसला तर बहुतेक वेळा तो शेजारून उतरलेला असतो, सोआसचा (कमरेतून मांडीकडे जाणारा स्नायू) ऍब्सेस हे नेहमीचं उदाहरण. मणक्यात टीबी, पू खाली सोआसच्या आवरणातून उतरतो आणि कधी थेट जांघेत गाठ म्हणून दिसतो. अशा चार्टवर के६८.१२ एकटा टाकून मोकळे होणारे लोक आहेत. सोआस ऍब्सेस दिसला, कोड सापडला, खूश. अरे पण मूळ आजार मणक्याचा टीबी डॉक्टरांनी वरच लिहिलाय, ए१८.०१ कुठे गेला?

हाडवैद्य
सोआसचं अगदी बरोबर. हाडासांध्याच्या टीबीत निम्म्याच्या आसपास केसेस मणक्याच्या असतात, त्यामुळे तुमच्याकडे ०१ सगळ्यात जास्त येणार. आम्ही त्याला पॉट्स म्हणतो, पर्सिव्हल पॉट यांनी १७७९ मध्ये मणक्याचं कुबड आणि पायांचा लुळेपणा यांचं वर्णन केलं म्हणून, तेव्हा जंतू कुणाला माहीत नव्हता, तो कॉक यांनी १८८२ मध्ये दाखवला. आता तुमच्यासाठी सापळा: याच पॉट साहेबांच्या नावावर आणखी दोन गोष्टी आहेत. पॉट्स फ्रॅक्चर म्हणजे घोट्याचं फ्रॅक्चर आणि पॉट्स पफी ट्यूमर म्हणजे कपाळाच्या हाडाचा जंतुसंसर्ग, वरून मऊ सूज, बहुतेक वेळा सायनसमधून आलेला. दोघांचाही टीबीशी संबंध नाही आणि दुसरा तर ट्यूमरही नाही.

जुनं_खोड
पफी ट्यूमरला ए१८.०१ लावलेला चार्ट मी स्वतः पाहिलाय. कपाळाला मणक्याचा टीबी. कोडर नवा नव्हता बरं का.

पॉट्स पॅराप्लेजियाचा मात्र मला कायम वाद घालावासा वाटतो. इंडेक्समध्ये पॉट्स डिसीज ऑर पॅराप्लेजिया एकत्रच ए१८.०१ ला आहे, मग जी८२.२ (पायांच्या लुळेपणाचा कोड) वेगळा लावायचा की नाही? मी नाही लावत. इंडेक्सने एका कोडमध्ये दिलंय तर एकच.

ऑडिट_ताई
मी लावते. मणक्याचा टीबी झालेल्या प्रत्येकाचे पाय जात नाहीत, म्हणजे ते आजारासोबत आपोआप येणारं लक्षण नाही, आणि ज्याचे गेलेत त्याची शुश्रूषा, मुक्काम, फिजिओ सगळंच वेगळं. नुसतं ०१ बघून वाचणाऱ्याला काय कळणार? तुमच्या क्लायंटची लेखी गाइडलाइन असेल तर ती पाळा, नसेल तर विचारून लेखी घ्या. यावर आपलं मागेही जमलं नव्हतं, आजही नको.

परदेशी_रजिस्टर
जरा वेगळी बाजू. मी अमेरिकन चार्ट करत नाही, मृत्यू आणि आजारांच्या नोंदी डब्ल्यूएचओच्या मूळ आयसीडी-१० वर करतो. तिथे ए१८.० च्या पुढे काही नाही, चार अक्षरांतच संपतं. फरक दाखवायला त्याला खंजीर-चिन्ह आणि सोबत तारांकित कोड: गुडघा किंवा खुबा एम०१.१, मणका एम४९.०, हाड एम९०.०, सायनोव्हायटिस आणि टेनोसायनोव्हायटिस एम६८.०. म्हणजे तुमचा मनगटवाला चार्ट माझ्याकडे ए१८.० सोबत एम६८.० झाला असता. पण हे एम कोड सीएममध्ये शोधू नका, सापडणार नाहीत, तिथे त्या जागा रिकाम्या ठेवल्यात कारण सगळं पाचव्या आकड्यात आणलंय. इंटरनेटवर यादी उचलताना कुठल्या आवृत्तीची आहे ते बघत चला, दोन्हींची सरमिसळ झालेल्या पीडीएफ फिरत असतात. आयसीडी-११ मध्ये तर सगळंच बदललं, बाकीच्या अवयवांचा टीबी १बी१२ गटात गेलाय.

रातपाळी
फॉलोअपवाल्यांचं पण सांगा ना कुणीतरी, तिथे रोज घोळ असतो. औषधं चालू आहेत आणि डॉक्टर लिहितो ‘हिस्ट्री ऑफ टीबी स्पाइन’.

ऑडिट_ताई
औषधं चालू म्हणजे आजारावर उपचार चालू, म्हणजे ए१८.०१. हाडाच्या टीबीची औषधं महिनोन्‌महिने चालतात, तोवर ती हिस्ट्री नाही. ‘हिस्ट्री ऑफ’ आणि चालू औषधं एकाच नोटमध्ये असतील आणि अर्थ लागत नसेल तर विचारा. कोर्स पूर्ण, बरा झाला, काही मागे राहिलं नाही, तर झेड८६.११ (पूर्वी टीबी होता). बरा झाला पण कुबड राहिलं किंवा गुडघा आखडला, तर आधी जे राहिलंय त्याचा कोड, छातीच्या मणक्यातलं कुबड असेल तर एम४०.१४, उजवा गुडघा असेल तर एम२४.६६१, आणि त्याच्या मागे बी९०.२ (हाडासांध्याच्या टीबीचे मागे राहिलेले परिणाम). बी९०.२ पहिला लावू नका. आणि ए१८ सोबत तर लावूच नका, एक्सक्लूड्स वन (हे दोन एकत्र लावू नका अशी सूचना) आहे वरच, गटाच्या सुरुवातीला, जिथे कुणी वाचत नाही.

नवी_कोडर
ताई, क्वेरीचं उत्तर आलं! ‘फ्लेक्सर टेंडन शीथचा क्षय, मनगटाचा सांधा नॉर्मल’. ०९ केलं. पण आता शेवटचं विचारते, कल्चर नंतर आलं आणि त्यात काहीच वाढलं नाही तर काय? किंवा दुसराच काही जंतू निघाला तर?

हाडवैद्य
काहीच न वाढणं हे नेहमीचं आहे. हाडासांध्याच्या टीबीत जंतूच मुळात थोडे असतात, कल्चर कोरं येऊनही आम्ही टिश्यूवर आणि एकूण चित्रावर औषधं चालू ठेवतो. कोरं कल्चर म्हणजे टीबी नाही असं समजू नका. दुसरा जंतू मात्र खरोखर शक्य आहे, हाताच्या टेंडन शीथमध्ये तर विशेष. मासे, मत्स्यालय, समुद्राचं पाणी यात हात घालणाऱ्यांना मायकोबॅक्टेरियम मॅरिनम होतो, टिश्यूत ग्रॅन्युलोमाच दिसतो, राइस बॉडीजही निघू शकतात.

ऑडिट_ताई
कोरं आलं तर तू काहीच करायचं नाहीस, डॉक्टरांचं निदान उभं आहे. बोव्हिस (गुरांच्या टीबीचा जंतू) निघाला तरी कोड बदलत नाही, ए१५ ते ए१९ मध्ये ट्यूबरक्युलोसिस आणि बोव्हिस दोन्ही धरलेत. मॅरिनम किंवा तसला दुसरा निघाला तर तो टीबीच नाही, ए३१ गटात जातो. पण ते लॅबच्या कागदावरून तू बदलू नकोस, डॉक्टरांनी समरीला ऍडेंडम (पुरवणी) जोडून निदान बदललं की मगच चार्ट परत उघड. तोवर ०९ वर सोड आणि वर्कलिस्टमध्ये ‘कल्चर पेंडिंग’ अशी खूण करून ठेव.

नवी_कोडर
ठेवली खूण.

रातपाळी
ताई, मत्स्यालयवाला चार्ट कधी आलाच तर मला द्या, के६८.१२ बघून कंटाळा आलाय.